फोटोवरची पट्टी

"माझी आजी सात आठवड्यांपासून बेपत्ता आहे," यानिरिस पोलांको म्हणाली, "आणि रोज सकाळी सात वाजता तिने पाठवलेला फोटो येतो."

फेमिया पेगेरोने चष्मा कपाळावर चढवला आणि समोरच्या मुलीकडे नीट पाहिलं. पंचविशीची असेल. कालच न्यूयॉर्कहून आलेली. हातातला मोबाइल तिने असा घट्ट धरला होता, की जणू कुणी हिसकावून नेईल. सोमवारची सकाळ होती. ओकोआ गावाच्या बाजारातल्या त्या फोटो स्टुडिओतला पंखा बंद होता, कारण वीज गेली होती. आणि वीज गेली होती, कारण सोमवार होता. आमच्याकडे याहून जास्त कारण लागत नाही.

चाळीस वर्षं या गावाची लग्नं आणि बाप्तिस्मे फेमियाने टिपले. फोटोखाली सोनेरी शाईने 'माझ्या पहिल्या कम्युनियनची आठवण' असं लिहावं तर तिनेच. पुढे प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला, जो तो बोटाने फोटोवर अक्षरं काढू लागला आणि फेमियाच्या शाईच्या बाटल्या वाळून गेल्या. आता ती पासपोर्टचे फोटो काढते आणि उरलेल्या वेळात लोकांच्या हरवलेल्या गोष्टी शोधते. शेळ्या, दागिने, नवरे. नवरे जास्त.

"सगळं पहिल्यापासून सांग," ती म्हणाली.

यानिरिस तोंड उघडणार तोच मोटरसायकल दाराशी थांबली आणि फेमियाचा भाचा कायो आत आला. हा गडी चाळिशीचा, मनाने सोनं आणि डोक्याने जरा जड. मार्तेंच्या घरी वारलेल्या म्हाताऱ्यासाठीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना आज संपल्या, कॉफी आणि बिस्किटं झाली, म्हणून उशीर झाला, असं तो सांगू लागला. शर्टावर बिस्किटांचा चुरा होताच. फेमियाने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मोठ्यांकडे आधी आशीर्वाद मागायचा असतो, हे कायोला जरा वेळाने आठवलं.

"मावशी, आशीर्वाद."

"देव तुला आशीर्वाद देवो. बस आता."

मग यानिरिसने सांगितलं. तिचे वडील एलिहिओ तेरा वर्षांपूर्वी न्यूयॉर्कला गेले. तिथे राहायचा कागद अजून नाही. येत्या गुरुवारी न्यायाधीशांसमोर शेवटची तारीख आहे. त्याआधी देश सोडला तर परत पाय ठेवता येणार नाही, आणि तिथे बायको आहे, शाळेत जाणारी दोन लेकरं आहेत.

आजीचं नाव ओव्हिदिया, वय अठ्ठ्याहत्तर. सत्तरी उलटल्यावर लिहा-वाचायला शिकली आणि मग थांबेना. रोज उठून अंगणातल्या डब्यांमधल्या रोपांचा फोटो काढायची, त्यावर दोन ओळी लिहायची आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायची. आमच्याकडे अशा शुभसकाळवाल्या म्हाताऱ्या घरोघरी आहेत, पण बाकीच्या दुसऱ्यांची गुलाबाची चित्रं पुढे ढकलतात. ओव्हिदियाबाई स्वतःचं लिहायच्या.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून आजीने फोन उचलणं बंद केलं. तिच्यापाशी राहणाऱ्या नुरीस आत्याने कळवलं, की आईने अल्ताग्रासियाच्या मातेला नवस केलाय. एलिहिओला कागद मिळेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. डोंगरात धर्मभगिनींच्या मठात जाऊन राहिली आहे, भेटायला कुणी यायचं नाही.

"मठ कुठला?"

"विचारलं. आत्या म्हणते, आईने शपथ घातलीय. ग्रुपवर सगळे खूश. फोटो येतोय ना, मग झालं." यानिरिसने मोबाइल टेबलावर ठेवला. "मला वाटतं, हे रादामेसकाकांचं काम आहे. आत्याचा नवरा. त्यांना घरावर दुसरा मजला चढवायचा होता. आजी म्हणायची, माझ्या डोक्यावर सिमेंट नको. बुधवारी संध्याकाळपर्यंत आजी सापडली नाही, तर मी बाबांना सांगणार."

"मग?"

"मग ते पुढच्या विमानाने येतील. न्यायाधीश गेला खड्ड्यात म्हणतील. आजीसाठी ते पोहत येतील."

हे ऐकून कायोने बिस्किटाचा चुरा झटकायचं थांबवलं. तेरा वर्षं एका वाक्यावर टांगलेली होती आणि ते वाक्य या मुलीच्या जिभेवर होतं.

"वडिलांनीच तुला पाठवलं?" फेमियाने विचारलं.

उलट त्यांनी अडवलंच होतं, यानिरिस म्हणाली. आजीचा नवस मोडू नकोस म्हणाले. तरी ती निघाली, तेव्हा आत्यासाठी एक शिवलेलं पार्सल दिलं. कोणीही इकडे येणारं असलं की ते आजीसाठी मऊ चपला पाठवतात. या वेळी आजीसाठी काही नव्हतं. तिला काही लागणार नाही, असं म्हणाले. पार्सल तिने काल आत्याला दिलं, आत्याने न उघडताच कपाटात ठेवलं.

वीज आल्याबरोबर फेमियाने जानेवारीपासूनचे सगळे फोटो छापून काढले.

*

दुपारभर ते फोटो टेबलावर ओळीने मांडलेले होते. कायो मोठ्याने वाचत होता.

फेब्रुवारीतला एक: "शुभ सकाळ लेकरांनो. रात्रभर वीज नव्हती. चांदणं फुकट मिळालं. देव तुम्हाला आशीर्वाद देवो."

तीन मार्च: "शुभ सकाळ लेकरांनो. अवोकाडोच्या बीला आणखी दोन पानं फुटली. म्हातारीचा हात अजून हिरवा आहे. देव तुम्हाला आशीर्वाद देवो."

वीस मार्च: "शुभ सकाळ लेकरांनो. इथे शांत आहे. मी बरी आहे. माता सगळं बघते आहे."

बारा एप्रिल: "शुभ सकाळ लेकरांनो. पोटभर जेवत जा. तारीख जवळ येतेय. घाबरू नका."

"मावशी, हे सगळं म्हातारीचंच," कायो म्हणाला. "चुका बघ ना." आमच्या भाषेत एकाच आवाजाची दोन अक्षरं आहेत. शाळेत त्यांना गाढवाचा ब आणि गायीचा ब म्हणतात. ओव्हिदियाबाई जिथे गाढव हवं तिथे हटकून गाय बांधायच्या. मार्चच्या आधी तसंच, नंतरही तसंच.

"चुका तंतोतंत आहेत," फेमियाने मान्य केलं. "आणखी काय दिसतं?"

कायोने बराच वेळ पाहिलं. आधी अक्षरं नुसतीच पांढरी, फोटोच्या वरच्या बाजूला असायची, आता त्यांच्यामागे जाड निळी पट्टी असते, असं तो म्हणाला. डोळे अधू झाले असतील बाईंचे, पट्टीवर नीट वाचता येतं.

"पट्टी लिहिणाऱ्याला वाचायला लागते, की वाचणाऱ्याला?" फेमियाने भिंग उचललं. पट्टीची टोकं गोल होती, कडा लाटालाटांची. रंगाचा जाड ब्रश बोटाने तीन-चारदा पुढेमागे ओढला की होते तशी. वीस मार्चच्या पट्टीखालून एका पांढऱ्या अक्षराची शेपटी बाहेर आली होती, नखाएवढी.

मग तिने अवोकाडोचेच फोटो तारखेने लावले आणि कायोला पानं मोजायला बसवलं. मार्च-एप्रिलचा हिशेब त्याने मोठ्या इमानदारीने वहीत उतरवला. चार, दोन, सहा, तीन, दोन.

"म्हातारीने खुडली असतील," तो म्हणाला. फेमियाने त्याला आणखी कॉफी दिली.

*

मंगळवारी सकाळी दोघं चौकशीला निघाली. पहिले तुलिओ, कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार. ओव्हिदियाबाईंना फोटोवर लिहायला यांनीच शिकवलं होतं, दुकानापुढच्या बाकावर, केळी तोलता तोलता.

तुलिओ दुखावलेले होते. बाई रोजचा फोटो त्यांनाही पाठवायच्या, आता सात आठवडे नाही. नवस देवाशी केला, माझ्याशी अबोला कशाला, असं त्यांचं म्हणणं. शेवटच्या भेटल्या तेव्हा बाईंना खोकला होता. दुसऱ्या दिवशी राजधानीत छाती दाखवायला जायचं होतं.

"परत आल्या का?"

"तिथूनच मठात गेल्या म्हणे. नुरीस आणि रादामेस पोहोचवायला गेले होते. नऊ दिवस घराला कुलूप. रादामेसने कधी नऊ तास दुकान बंद ठेवलं नव्हतं." मग ते आवाज उतरवून म्हणाले, "आणि तेव्हापासून त्या घरात रेडिओ वाजत नाही. आमच्या गल्लीत, फेमियाबाई. जिथे कुत्र्यांनाही बचाताची गाणी पाठ आहेत."

कायोने बाहेर पडल्यावर निकाल दिला. बाईला मठात नव्हे, आणखी कुठे तरी कोंडलीय. रेडिओ बंद, कारण आवाज ऐकायचाय. किंवा कुणी तरी पळून जाईल म्हणून कान लावून बसलेत. फेमिया म्हणाली, "तू मोटरसायकल चालव."

रादामेसचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. तो ओकोआचा नव्हे, पूर्वेकडच्या उसाच्या मळ्यांकडचा. हात सराईत, बोलणं तुटक. सासूबद्दल विचारल्यावर त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला नाही. दुसऱ्या मजल्याचं खरं, म्हणाला, मला हवा होता. आता नकोय.

"का नकोय?"

"घर मोठंच आहे आता."

फेमियाने खिशातून एक छापलेला तुकडा काढला, नुसत्या पट्टीचा कोपरा मोठा केलेला, आणि कारागिराचं मत मागितलं. कारागीर कुठलाही असो, दुसऱ्याचं वाईट काम दाखवलं की तो बोलतोच. रादामेसने नाक मुरडलं. खालचं काही लपवायला कुणी तरी बोटाने रंग फासलाय. त्याच्याकडे आणलं असतं तर खालचं अक्षर असं पुसून दिलं असतं, की आईलाही कळलं नसतं.

मग त्याने तुकड्याकडे पुन्हा पाहिलं. तुकडा त्याने हळूच उलटा करून ठेवला. "नुरीस मागे आहे," एवढंच म्हणाला.

नुरीस मागच्या बाजूला कपडे धूत होती. चाळिशीची, एलिहिओहून तेरा वर्षांनी लहान. पांढरा ब्लाउज, राखाडी घागरा. तिनेही आईबरोबर नवस धरलाय, म्हणून रंगीत घालत नाही, असं तिने न विचारता सांगितलं. यानिरिस स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि आत्याकडे बघत नव्हती.

आत्या बोलत राहिली. आई ठीक आहे, धर्मभगिनी काळजी घेतात, रोपांचे डबे तिने सोबत नेलेत. शब्द सगळे जागच्या जागी, वापरून गुळगुळीत झालेले. फेमियाने वाऱ्याने केस विस्कटल्याचं सांगून आरसा मागितला. खोलीतला आरसा भिंतीकडे तोंड करून होता. तडा गेलाय, नुरीस म्हणाली. मग फेमियाने कायोला टाकीपाशी हात धुऊन ये म्हणून पाठवलं.

जाताना फेमियाने सहज म्हणावं तसं म्हटलं, "भावाशी बोलतेस तेव्हा आमचाही आशीर्वाद सांग गं त्याला. गुरुवारी लागेल."

"तुम्हीच द्या, फेमियाबाई. मी कोण देणारी?" नुरीस पहिल्यांदाच जरा हसली. "तो माझा थोरला, शिवाय धर्मबाप. बाप्तिस्म्याला मला त्यानेच हातावर घेतलं होतं. आजही फोन उचलला की आधी मीच त्याच्याकडे आशीर्वाद मागते."

रस्त्यावर आल्यावर कायो म्हणाला, टाकीच्या मागे पोत्याखाली एक अवोकाडोचं रोप आहे, दुधाच्या पोचा पडलेल्या डब्यात. मोजायची सवयच लागली होती, म्हणून मोजली. पंधरा पानं.

"पण अवोकाडो काय, सगळ्यांकडे असतो," तो म्हणाला.

घरी आल्यावर फेमिया जेवली नाही. कायोला ते आवडलं नाही. मावशीला कोडं सुटलं की भूक लागते, हे त्याला माहीत होतं.

*

बुधवारी दुपारी चार वाजता स्टुडिओचं दार आतून लावलं गेलं. नुरीस आणि रादामेस एका बाकावर, यानिरिस समोर, मांडीवर मोबाइल. कायो दाराशी उभा होता, कारण रादामेस पळेल अशी त्याची खात्री होती.

"उद्याची तारीख आहे, म्हणून घाई करते," फेमिया म्हणाली. "यानिरिस, तुझी आजी कुणी कोंडलेली नाही. आधी फोटो बघू."

तिने एकेक फोटो टेबलावर ठेवला. अवोकाडोची पानं चार, मग दोन, मग सहा, मग तीन. रोप कधी उलटं वाढत नाही. म्हणजे मार्चनंतरचे फोटो मार्चनंतरचे नाहीतच. जुनेच आहेत, हाताला येतील तसे उचललेले. आणि खरं रोप मठात नाही, टाकीमागे पोत्याखाली आहे, पंधरा पानांचं.

"पण जुन्या फोटोंवर ओव्हिदियाबाईंनी आधीच लिहिलेलं होतं. त्या लिहून साठवायच्या, कोरा फोटो मागे उरायचाच नाही. नवं लिहायचं तर जुनं झाकायला हवं. म्हणून पट्टी. वाचता यावं म्हणून नव्हे, वाचता येऊ नये म्हणून."

यानिरिसने झटकन रादामेसकडे पाहिलं.

"नाही," फेमिया म्हणाली. "याने केलं असतं तर पट्टी लागलीच नसती. याला पुसता येतं. हे त्याच्या हाताने केलेलं नाही, आणि काल माझ्याकडचा तुकडा बघेपर्यंत पट्टीचं त्याला माहीतही नव्हतं. पट्टी कुणी ओढली हे कळलं, तेव्हा त्याने तो तुकडा उलटा ठेवला."

रादामेस खाली बघत होता.

"मग ओळींकडे या. कायो म्हणाला, चुका बाईंच्याच. बरोबर. चुका चोरता येतात. आईजवळ बसून जिने आठ वर्षं तिची अक्षरं पाहिली, तिला गायीचा ब कुठे बांधायचा ते ठाऊक असणारच. सगळं चोरता आलं, एक गोष्ट सोडून." तिने तीन मार्चचा फोटो डावीकडे ठेवला आणि वीस मार्चचा उजवीकडे. "कायो, शेवटचं वाक्य वाच."

कायोने वाचलं. डावीकडचं वाचलं, उजवीकडचं वाचलं, मग पुन्हा डावीकडचं. त्याचा चेहरा उतरला. "मावशी, आशीर्वाद नाही."

"एकाही सकाळी नाही. आणि बघ, प्रत्येक फोटोखाली एलिहिओचं उत्तर आहे. 'आई, आशीर्वाद.' सात आठवडे रोज मागतोय. आपल्याकडे शेजारणीसुद्धा मागितलेला आशीर्वाद परत पाठवत नाहीत. परक्याने लिहिलं असतं तर ते चार शब्द त्याने डोळे मिटून उतरवले असते. त्याला ते चार शब्दच. पण लिहिणारी त्याची धाकटी बहीण, त्याची धर्मकन्या. आईचं नाव तिने घेतलं, आईच्या चुका घेतल्या. आईचा आशीर्वाद तिच्या बोटातून उतरेना. तो तिचा द्यायचा नव्हताच."

बाहेर कुणाच्या तरी दुकानात रेडिओ मोठ्याने वाजत होता.

"आता राहिलेलं सांगायला मला जड जातंय," फेमिया म्हणाली. "नवसासाठी माणूस रंगीत घालत नाही, हे खरं. पण नवसासाठी कुणी आरसा भिंतीकडे फिरवत नाही. रेडिओ बंद करत नाही. आणि घराला कुलूप लावून नऊच दिवस डोंगरात राहत नाही. आठ नाही, दहा नाही. कायो सोमवारी कुठून बिस्किटं खाऊन आला होता?"

यानिरिसला कळलं. तिने मोबाइल दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"नुरीस, बाळा," फेमिया म्हणाली, "पुढचं तू सांग."

नुरीसने सांगितलं ते असं. राजधानीत छातीचा फोटो काढला, तेव्हाच फार उशीर झाला होता. आई सहा दिवस होती. एलिहिओला कळवू नकोस, न्यायाधीश बोलेपर्यंत मला जिवंत ठेव, असं तिने हात धरून सांगितलं. बारा मार्चला गेली. ओकोआत पुरली असती तर तासाभरात न्यूयॉर्कला कळलं असतं, म्हणून तिच्या जन्मगावी, ला होर्माला नेली. नऊ रात्री प्रार्थना झाल्या, तिथल्या चार म्हाताऱ्या आणि हे दोघं. रादामेस मदतीला होता, पण फोटो ती एकटीच करायची, पहाटे, टाकीपाशी बसून.

"पट्टी ओढताना आईची अक्षरं झाकली जायची," ती म्हणाली. "रोज एक फोटो संपायचा. मी आईला रोज थोडी पुरत होते. लिहायला घ्यायचे तो शब्द, बोट थांबायचं. वाटायचं, हा शब्द मी लिहिला तर आई खरंच गेली."

यानिरिस उठली. "तू मला नऊ रात्रींपैकी एकही दिली नाहीस," ती म्हणाली. "माझी पण होती ती." हे ओरडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. नुरीसने मान वर केली नाही.

नेमका तेव्हाच यानिरिसचा मोबाइल वाजला. बाबा. खोलीतल्या पाचही जणांनी ते नाव वाचलं. तिने बोट हिरव्या खुणेवर ठेवलं आणि आत्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच नीट.

"बाबा, आशीर्वाद," ती म्हणाली. पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. देव तुला आशीर्वाद देवो. प्रवास कसा झाला. आत्या बरी आहे ना. जेवते का नीट. तिला सांग, जेवत जा.

"सांगते," यानिरिस म्हणाली. "इथे सगळं ठीक आहे. आजीचा नवस उद्या संपेल." फोन ठेवल्यावर ती आत्याच्या शेजारी बाकावर जाऊन बसली आणि मग दोघी रडल्या.

कायो दारापासून हलला. त्याने हळूच मावशीला विचारलं, की एलिहिओने आईबद्दल एक शब्दही कसा विचारला नाही?

"ते आणि ते पार्सल," फेमिया म्हणाली. "हे दोन धागे माझ्याकडेही सुटे आहेत." तिला उत्तर येत होतं असं मला वाटतं. पण ते सांगायचं काम तिचं नव्हतं.

*

गुरुवारी सकाळी सातला नुरीसच्या घरी सगळे जमले. एक फोटो शिल्लक होता. इस्पितळातल्या खिडकीचा, काचेपलीकडे नुसतं आभाळ. ओव्हिदियाबाईंनी शेवटच्या दिवसांत स्वतः लिहून लेकीकडे दिला होता, तारखेच्या दिवशी पाठवायचा म्हणून. त्यावर पट्टी नव्हती. पांढरी अक्षरं जरा तिरपी गेली होती.

"शुभ सकाळ एलिहिओ. आज सरळ उभा राहा. देव तुला आशीर्वाद देवो."

आमच्या भाषेत आशीर्वादाचा तो शेवटचा शब्द गाढवाच्या ब ने सुरू होतो. तिथे गाय होती.

नुरीसने पाठवला. एलिहिओने पाहिल्याची खूण उमटली. रोजचं 'आई, आशीर्वाद' आलं नाही. काहीच आलं नाही. दहा वाजले, बारा वाजले. रादामेसने दुकान उघडलं नाही. यानिरिसने केळी उकडून कुस्करली, कायो सोडून कुणी खाल्ली नाहीत.

दोन वाजून दहा मिनिटांनी फोटो आला. ग्रुपवर नाही, नुरीसच्या एकटीच्या मोबाइलवर. न्यायालयाच्या पायऱ्या, एलिहिओच्या हातात कागद, बाजूला बायको आणि दोन मुलं. चेहऱ्यावर हसू नव्हतं. खाली त्याने बोटाने लिहिलं होतं. नुरीसला वाचवेना, यानिरिसने वाचलं.

"कागद मिळाला. आईने आशीर्वाद देणं थांबवलं त्या सकाळीच मला कळलं होतं. तू एकटीने ओझं उचललंस, म्हणून मी गप्प राहिलो. आता पार्सल उघड. नुरीस, देव तुला आशीर्वाद देवो. आईला कुठे ठेवलंस?"

पार्सलमध्ये सुतकाचा काळा पोशाख होता, नुरीसच्या मापाचा.

तिने तो तिथेच, राखाडी घागऱ्यावरून, अंगात घातला. मग टाकीमागे गेली, पोतं बाजूला केलं आणि अवोकाडोचा फोटो काढला. त्या दिवशीचा. अक्षरं वरच्या बाजूला, पांढरी, सगळे ब जागच्या जागी.

"ला होर्मा, देवळामागे, पेरूच्या झाडाखाली. दादा, आशीर्वाद."